चर्चची पायरी चढताना

जळगाव-धुळ्याकडचे आमचे विद्यार्थी मला विचारतात, "सर, चर्चमध्ये आपल्याला आत घेतात का?" हा प्रश्न देवळाच्या दारातल्या अनुभवातून आलेला आहे. मी सांगतो : रविवारच्या उपासनेला कोणीही जावे. नुसते बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. त्यासाठी बाप्तिस्मा लागतो.

गाण्याला सारे उभे राहतात, आपणही राहावे. मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते ऐकू येतात. मग शास्त्रवाचन, पाळकांचा उपदेश. दानाची थैली पुढे आली तर देणे ऐच्छिक. प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो; तेव्हा जागेवर बसून राहावे.

पण कार्यकर्त्याने डोळे उघडे ठेवावेत. काही ठिकाणी एकाच प्याल्याला सर्वांचे ओठ लागतात. आपल्या समाजात ही गोष्ट क्षुल्लक नाही. तरीही धर्मांतरितांमध्ये जात टिकून राहिली, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. आणि राज्यसंस्था? १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींबाहेर ठेवले. बौद्धांना १९९० मध्ये स्थान मिळाले, त्यांना नाही.

म्हणून उपासना संपल्यावर ओळखीच्या माणसाला एवढेच विचारावे : येथे सोयरीक कोणाची कोणाशी होते?