द्राक्षमळ्यात गेलेला मुलगा

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात एका बापाची आणि त्याच्या दोन मुलांची गोष्ट आहे. बाप दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक जण तोंडावर नाही म्हणतो, मग पस्तावतो आणि जातो. दुसरा आदबीने हो म्हणतो आणि जात नाही. बापाच्या मनासारखे कोणी केले, एवढेच येशू विचारतो. कोणाच्या मनात बापाविषयी किती माया होती, याची चौकशी तो करत नाही. गेल्या आठवड्यात आपण देवावरच्या भरवशाचा विचार केला. भरवसा म्हणजे मनाची शांत, निश्चिंत अवस्था, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते; उपासनेनंतर ती तासभर टिकते आणि सोमवारी सकाळी विरते. या लेखाचे म्हणणे असे की माझा देवावर भरवसा आहे की नाही, हे मला स्वतःलासुद्धा त्याचे ऐकण्यात माझे काही नुकसान होणार असते तेव्हाच कळते. तोवर तो नुसता होकार असतो.

मेडशीसारख्या गावात हा विचार करायचा तर शेतापासूनच सुरुवात करावी लागते. अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावरचे, मालेगाव तालुक्यातले हे गाव. इथल्या घरांचे वर्षाचे गणित मुख्यतः खरिपावर, त्यातही सोयाबीन आणि तुरीवर बसते. जूनमध्ये पहिली सर आली की पेरणीची घाई सुटते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि घरचे बियाणे असेल तर आधी उगवणशक्ती तपासा. तपासणी साधी असते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, ओल टिकवायची आणि आठवडाभराने मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर ते बियाणे पेरणीजोगे. आता कोणी म्हणेल, देवावर भरवसा ठेवणाऱ्याने दाणे कशाला मोजायचे? प्रार्थना करावी आणि पेरून मोकळे व्हावे. ऐकायला हे भक्तीचे वाटते, पण बायबलमधला भरवसा असा नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाला सात वर्षांच्या दुष्काळाची सूचना देवाकडूनच मिळाली, आणि तिच्यावर त्याचा विश्वास होता म्हणूनच त्याने आधीच्या सुकाळात कोठारे भरून घेतली. विश्वास नसता तर त्याने ते धान्य विकून टाकले असते. दाणे मोजणे हा अविश्वास नव्हे. न मोजता पेरायचे आणि दुबार पेरणीची वेळ आली की देवाने परीक्षा घेतली म्हणायचे, यात मात्र आपल्या हयगयीचा बोजा आपण देवावर टाकत असतो. आजारपणाचेही तेच. वाशीमला नाझरीन मिशनने 1938 साली रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले ते प्रार्थनेवर विश्वास असणाऱ्यांनीच. औषध आणि प्रार्थना यांत त्यांना एकाची निवड करावी लागली नाही.

खरी कसोटी पेरणीत नसते, विक्रीत असते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 2024 च्या हंगामात ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली होती. व्यापाऱ्याच्या काट्यावरही ओलावा पाहून भाव तुटतो. अशा वेळी वरच्या थरात वाळलेला आणि खाली दमट माल भरलेले पोते पुढे करण्याचा मोह शेतकऱ्याला होतो, आणि मापात, कटतीत दोन-चार किलो मारण्याचा मोह घेणाऱ्याला. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात खऱ्या तराजूची आणि खऱ्या वजनांची आज्ञा आहे. इतकी रोकडी आज्ञा दुसरी सापडणार नाही, आणि रविवारच्या संदेशात तिच्यावर क्वचितच बोलले जाते. ती पाळणाऱ्याला त्या दिवशी कमी पैसे मिळतात. कर्जाचा हप्ता तर तेवढाच राहतो. मग तो का पाळतो? आपले घर त्या चार किलोंवर चालत नाही, आपल्याला पोसणारा दुसरा आहे, अशी त्याची खात्री असते म्हणून. ती खात्री म्हणजेच भरवसा. बाजार समितीच्या आवारात प्रार्थनेला कोणी बसत नाही, पण कोणाचा भरवसा किती आहे हे तिथे उपासनेपेक्षा स्पष्ट दिसते.

मराठी ख्रिस्ती माणसांत याचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे, आणि ते नेहमी अर्धेच सांगितले जाते. देवावर विसंबून त्यांनी केडगावला हजारो अनाथ मुलींचा सांभाळ केला, एवढे आपण सांगतो. त्यांची शाळा, शारदा सदन, 1889 मध्ये मुंबईत सुरू झाली तेव्हा अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली होती. ती मुदत संपायच्या आधीच रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. तिथे फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे मुदतीकडे डोळेझाक करून त्या बसल्या नव्हत्या. मग 1896-97 चा दुष्काळ आला. स्वतःचे आईवडील ज्यांनी दुष्काळाच्या हालात गमावले होते, त्या बाईने मध्य प्रांतात जाऊन भुकेने खंगलेल्या सुमारे तीनशे मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात प्लेग, केडगावला पुरेशी निवाऱ्याची सोय नाही, हातात पुरेसा पैसा नाही. हिशेबाने पाहिले तर हे करायलाच नको होते. 1900 च्या दुष्काळानंतर केडगावच्या या आश्रमातली, म्हणजे मुक्तीतली, संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे शेती होती, दूधदुभते होते, विणकाम होते, छापखाना होता, आणि राबणाऱ्या मुलीच होत्या. ज्या बाईने फळबागेचा आडाखा बांधला तिनेच आडाखा बाजूला ठेवून त्या मुली आणल्या. योजना करणे हेही तिच्या लेखी देवाचे ऐकणे होते आणि योजना मोडणे हेही. माझ्या मते रमाबाईंच्या विश्वासाचे मर्म इथे आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आज्ञापालनाचे गोडवे गायले की त्याचा फायदा माणसेच घेतात. देवाचे ऐक म्हणणारा पुष्कळदा माझे ऐक असे सुचवत असतो. नवरा बायकोला, सासू सुनेला, कधी पाळक मंडळीला. हे घडते, आणि मंडळ्यांनी ते नाकारण्यात अर्थ नाही. पण याचेही उत्तर रमाबाईंच्याच आयुष्यात आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या जोगिणींच्या आश्रयाने त्या तिथे राहत होत्या त्यांची अपेक्षा होती की रमाबाईंनी चर्चची सगळी मते आणि अधिकाऱ्यांचा शब्द निमूटपणे मानावा. त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. उपकारकर्त्यांविषयी पूर्ण आदर राखून रमाबाईंनी ठामपणे कळवले की आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाच्या हवाली करणार नाही. परक्या देशात, पदरी लहान मुलगी, दुसरा आधार नाही, अशा स्थितीत ही बाई हे लिहीत होती. देवाचे ऐकायची सवय लागलेले माणूस इतरांपुढे सहजासहजी वाकत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राने धर्मसभेपुढे उभे राहून हेच केले. म्हणून कोणाच्याही आज्ञेला एक प्रश्न विचारता येतो: हिचा लाभ कोणाला होतो? आज्ञा देणाऱ्याच्याच पदरात सगळे पडत असेल तर ती देवाची असण्याची शक्यता फार कमी.

दुसरा आक्षेप घरातला आहे. एकाच्या भरवशाचा भार दुसऱ्यावर पडतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेता येत नाही. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला दिसते की टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे, आणि घर कसे चालवायचे ही विवंचना बहुतेक वेळा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. टिळकांचा त्याग मोठा होता, यात शंका नाही. तरी ज्याची किंमत मुख्यतः बायकामुलांनी मोजली, असा भरवसा पुरता सुफळ म्हणता येत नाही. घरच्यांना विचारात घेणे हीसुद्धा आज्ञाच आहे, आणि आपल्या ख्रिस्ती घरांत ती पुरुषांना पुन्हा पुन्हा सांगायची गरज आहे.

राहिला तिसरा आक्षेप. ऐकूनही काही भले झाले नाही तर? खरा काटा ठेवणाऱ्याचे पीकही गारपिटीत जाते. 2006 साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले त्यांत वाशीम होता. तिथे कोणी उठून आज्ञा पाळा म्हणजे बरकत येईल असे सांगू नये. तसे वचन येशूने दिलेले नाही. मुक्तीचे काम जिच्या हाती सोपवायचे ती रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै 1921 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारली. त्यानंतर रमाबाई नऊ महिनेही जगल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. या मधल्या महिन्यांत त्या मराठी बायबलच्या भाषांतराचे उरलेले काम करत होत्या. इतके ऐकणाऱ्या बाईच्या पदरी हे का यावे, याचे उत्तर या लेखाच्या आवाक्यात नाही, आणि घाईने दिलेले कोणतेही उत्तर वाचकांनी स्वीकारू नये. पुढच्या आठवड्यात ईयोबाचे पुस्तक घेऊ. त्याचे पहिले दोन अध्याय आणि शेवटचा अध्याय बहुतेकांच्या ओळखीचे असतात. मधले अध्याय, जिथे तो देवाशी भांडतो, ते कृपा करून वाचून ठेवा.