पडीक लहरींची मशागत

घाटंजी तालुक्यात कपाशीच्या ओळींमधून तुरीचे तास धरण्याची वहिवाट जुनी आहे. मुख्य पिकास धक्का न लावता मोकळी जागा उपयोगात आणावयाची, हे त्यामागील तत्त्व. बिनतारी संदेशवहनात हेच तत्त्व अजमावले जात असून त्यातून विजेचीही बचत साधू शकते.

मोबाईलचा मनोरा कोणी बोलत नसतानाही वीज खातो. खेड्यात वीज गेली की भार बॅटऱ्यांवर किंवा डिझेलवर येतो आणि तेही सरले म्हणजे मनोरा मुका होतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. कोणती औषधे एकत्र मिसळू नयेत, रुग्णास कोठे न्यावे, हे वेळेवर कळण्याचे मोल या जिल्ह्यास निराळे सांगावयास नको.

दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्याची पाहणी मुंबईच्या आय.आय.टी.ने केली. १५ वाहिन्यांपैकी किमान १२ जवळजवळ सर्वत्र रिकाम्या आढळल्या. मग पालघर जिल्ह्यात खामलोली व शेजारच्या काही गावांपर्यंत याच लहरींतून इंटरनेट नेण्यात आले आणि गावात वाय-फायने वाटण्यात आले. या लहरी लांबीने मोठ्या, म्हणून झाडीतून बऱ्या जातात. टिपेश्वरच्या बाजूच्या सागवानी रानालगतच्या गावांना हा गुण महत्त्वाचा. शिवाय सारख्याच क्षमतेचा अँटेना असेल, तर मोकळ्या मैदानात २३०० ऐवजी ५७५ मेगाहर्ट्झवर तेवढ्याच अंतरास सोळाव्या हिश्श्याची शक्ती पुरते.

रिकामी वाहिनी शोधणाऱ्या यंत्रास ‘जाणता रेडिओ’ म्हणता येईल. तो आधी कानोसा घेतो, धनी नसेल तेथेच बोलतो, आणि धनी परतताच जागा सोडतो. मात्र सतत कानोसा घेण्यातही वीज जाते, हे उत्साही मंडळी विसरतात. आणि टेकडीआडचा धनी ऐकूच येत नाही. म्हणून सातबारा पाहून शेतात पाय ठेवावा, तशी वाहिन्यांची नोंदवही आधी पाहणे अधिक शहाणपणाचे. काम नसेल तेव्हा यंत्राने झोपावे, हेही तितकेच खरे.

खामलोलीचा परवाना प्रयोगापुरता होता. दूरदर्शनने आपली जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपणकेंद्रे २०२२ पर्यंत बंद केली; पडीक रान त्यामुळे वाढलेच आहे.