लहान विमाने उतरताना का कोसळतात?

लहान खासगी विमानांना उतरताना होणाऱ्या अपघातांमागे यंत्रातील बिघाडापेक्षा वैमानिकाची चूकच अधिक वेळा आढळते आणि ही चूक पुष्कळदा चूक सुधारण्याच्या धडपडीतूनच घडते, कारण जमीन जवळ येताच माणसाचे हात सहजपणे जे करू पाहतात, ते विमानाच्या नियमांविरुद्ध जाणारे असते.

चार आसनांच्या सेस्ना १७२ या सर्वपरिचित विमानाचा वेग उतरण्याच्या अंतिम टप्प्यात साधारण ६० ते ७० नॉट, म्हणजे ताशी ११० ते १३० किलोमीटर असतो. विमान खाली जात आहे असे वाटताच वैमानिकाला नाक वर खेचावेसे वाटते. परंतु पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन सुमारे १५ अंशांपलीकडे गेला, की पंखावरून सरळ वाहणारी हवा विस्कटते आणि उचल एकाएकी घटते. या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात.

स्टॉलचा सर्वांत घातक प्रकार धावपट्टीकडे वळताना घडतो. वाऱ्यामुळे विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे वाहवत गेले, तर वैमानिक वळण आवळण्यासाठी ते अधिक कलवतो. मात्र उंची राखून ६० अंश कलल्यास पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. याउलट, जास्त कलण्याच्या धास्तीने त्याने पायाखालच्या रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूने, नाक आत ढकलले आणि त्याच वेळी ते वरही खेचले, तर एक पंख आधी उचल गमावतो व विमान गिरकी घेत कोसळते. एका गिरकीतून सावरेपर्यंत या विमानाची सुमारे १००० फूट उंची खर्ची पडते, तर हे वळण बहुधा ५०० फुटांच्या आसपास घेतले जाते.

वेग जास्त ठेवणे हाही उपाय नव्हे. वेग १० टक्क्यांनी वाढला की गतिज ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे विमान धावपट्टीवर तरंगत राहते. ते बळेच टेकवले तर पुढचे चाक आपटून उसळी बसते, आणि नाक दाबण्या-खेचण्याची वैमानिकाची कृती दर वेळी क्षणभर उशिरा होत असल्याने प्रत्येक उसळी आधीच्या उसळीहून मोठी होत जाते, ज्यात अखेर पुढच्या चाकाचा दांडा मोडतो किंवा पंख्याची पाती जमिनीला घासतात.

या सर्व प्रसंगांवर एकच उतारा शिकवला जातो, तो म्हणजे उतरणे सोडून देणे: इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन, नाक बेताने सावरून, पंखांमागच्या फ्लॅप या झडपा टप्प्याटप्प्याने मिटवत पुन्हा वर जाणे. मात्र धावपट्टी समोर दिसत असताना तिच्याकडे पाठ फिरवणेही सहजप्रवृत्तीला मानवत नाही. म्हणूनच हा निर्णय ऐन वेळेवर न सोपवता, ठरावीक उंचीवर वेग व दिशा जुळली नाही तर परत फिरायचे, असे वैमानिकाने आधीच ठरवून ठेवलेले बरे.