टेकडीवर चढवलेली नदी

स्पेनमधल्या ग्रनाडा शहरात अल्हम्ब्रा राजवाडा बघायला जगभरातून माणसं येतात, ती प्रामुख्याने भिंतींवरच्या कोरीवकामासाठी. ते अप्रतिमच आहे. पण ज्या टेकडीवर हे वैभव उभं आहे, तिथे राजनगर जगेल एवढं पाणी मुळात नव्हतं. दारो नदी वाहते ती पायथ्याशी, खोल दरीत. म्हणूनच अल्हम्ब्रा समजून घ्यायचा, तर आधी त्याचा पाट बघावा.

१२३८ मध्ये मुहम्मद पहिला ग्रनाडात आला. टेकडीवरच्या जुन्या गढीच्या जागी त्याने नासरी घराण्याचं राजनगर वसवायला घेतलं. दरीतलं पाणी एवढ्या उंचीवर उपसण्यापेक्षा नदीच्याच मागावर वर जाणं शहाणपणाचं होतं. सुमारे सहा किलोमीटर वरच्या अंगाला नदीचं पात्र पुरेसं उंच आहे. तिथे बांध घालून डोंगराच्या कडेकडेने, बेताचा उतार राखत पाट आणला गेला. ‘आसेकिया रेआल’ हे त्याचं नाव. वाटेत तो हेनेरालिफे या उन्हाळी महालाच्या बागा भिजवतो आणि मग तटबंदीच्या आत शिरतो. पाटापेक्षा उंचावरच्या जमिनीसाठी जनावरांच्या रहाटाने पाणी चढवत.

चौदाव्या शतकात यूसुफ पहिला आणि त्याचा मुलगा मुहम्मद पाचवा यांनी आज दिसणारे मुख्य महाल घडवले, तेव्हा याच पाण्याला दरबारात मानाचं स्थान मिळालं. कोमारेस महालातल्या लांबट हौदात दोन टोकांच्या संगमरवरी तबकांतून पाणी इतकं संथ उतरतं, की ४५ मीटर उंच बुरुजाचं प्रतिबिंब सहसा मोडत नाही. या बुरुजातच सुलतानाचा दरबार भरे. कोरड्या, कडक उन्हाळ्याच्या मुलखात परक्या वकिलाला राजाची ताकद कळायला हे निश्चल पाणी पुरेसं होतं. शेजारच्या सिंहांच्या चौकात १२४ खांबांच्या मधोमध बारा संगमरवरी सिंह कारंज्याचं पात्र पेलतात. पात्राच्या काठावर वजीर-कवी इब्न झमरकची कविता कोरलेली आहे आणि चारही बाजूंनी फरसबंदीतले अरुंद पाट तिथे येऊन मिळतात.

२ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोअब्दिल याने शहर ख्रिस्ती राजा-राणी फर्डिनांड आणि इसाबेला यांच्या हवाली केलं. राज्य गेलं, पुढे मशिदीच्या जागी चर्च आलं. सम्राट पाचव्या चार्ल्सने तर १५२७ मध्ये नासरी महालांना खेटून स्वतःचा दगडी राजवाडा बांधायला काढला. पाट मात्र नव्या धन्यांनाही सांभाळावाच लागला. उलट, त्यांनी साठवणीसाठी मोठं भूमिगत टाकं बांधलं. १८१२ मध्ये माघार घेताना फ्रेंच सैन्याने काही बुरूज सुरुंगाने उडवले, तरी टेकडी ओसाड झाली नाही.

१९८४ पासून अल्हम्ब्रा आणि हेनेरालिफे जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की शक्य असेल तर हेनेरालिफेपासून सुरुवात करा आणि पाण्याबरोबर खाली उतरत महालांत या. इथल्या भिंतींवरचं कोरीवकाम बहुतांशी गिलाव्याचं, छतं लाकडाची. त्यांची डागडुजी कुशल कारागीर आजही करू शकतात. पाट आटला, तर मात्र हौद, कारंजी आणि बागा यांच्यासह या वास्तूचा अर्थच निघून जाईल. अल्हम्ब्राचं जतन म्हणूनच त्याच्या तटाबाहेर, दारोच्या खोऱ्यातच सुरू व्हायला हवं.