जुन्या वाहनातील वेगदर्शकाचा आवाज : कारणे व उपाय

शेतमाल बाजारात नेणारी जुनी जीप, गावोगाव फिरण्यासाठी वापरली जाणारी मोटारसायकल अथवा स्कूटर आणि शेतातील जुना ट्रॅक्टर ही वाहने आजही ग्रामीण भागात अनेक ठिकाणी कामात आहेत. अशा वाहनांच्या वेगदर्शकातून, म्हणजे आपण बोलताना ज्यास नुसते ‘मीटर’ म्हणतो त्यातून, कधी टिकटिक, कधी घरघर, तर कधी कानठळ्या बसविणारा चिरका आवाज येऊ लागतो. इंजिन चालते, ब्रेक लागतात, गाडी धावते. म्हणून या आवाजाकडे बहुधा दुर्लक्ष होते. काही वाहनधारक तर मीटरची केबलच सोडून ठेवतात आणि आवाज बंद झाल्याचे समाधान मानतात. हा उपाय नव्हे. केबल सोडल्याने वेग कळत नाही आणि गाडी किती किलोमीटर चालली याची नोंदही थांबते. मग तेल केव्हा बदलावयाचे आणि इंधन किती लागते, याचा हिशेब अंदाजावर चालतो. वास्तविक हा आवाज म्हणजे केबल तुटण्यापूर्वी मिळालेली सूचना होय. ती वेळीच ओळखल्यास बहुतेक वेळा तासाभराच्या कामात आणि अल्प खर्चात दोष दूर होतो.

या लेखातील माहिती केबलवर चालणाऱ्या मीटरापुरती आहे. नव्या वाहनांतील विजेवर चालणाऱ्या मीटरास ती लागू नाही.

मीटरची रचना

जीप व मोटारगाडीत गिअरबॉक्स किंवा त्यास जोडलेल्या दंतचक्रांच्या पेटीतून, तर पुष्कळशा दुचाकी वाहनांत पुढील चाकाच्या तुंब्यातून मीटरला गती मिळते. ही गती वाहून नेणारी केबल दोन भागांची असते. बाहेर लवचिक नळीचे आवरण असते आणि त्याच्या आत पोलादी तारांचे पदर पिळून केलेली दोरी फिरत असते. या आतील तारेची टोके बहुधा चौकोनी असतात. ती एका बाजूस दंतचक्रात व दुसऱ्या बाजूस मीटरमध्ये बसतात.

मीटरच्या आत ही तार एक लोहचुंबक फिरविते. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची हलकी वाटी असते व तिला काटा जोडलेला असतो. चुंबक आणि वाटी यांचा परस्परांस स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युत्प्रवाह निर्माण होतात व त्यांच्या योगाने वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा समतोल जेथे साधतो, तेथे काटा स्थिर राहतो. या तत्त्वावरील वेगदर्शकाचे पेटंट जर्मन अभियंता ऑटो शुल्झे यांनी 1902 साली घेतले. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र बारीक दंतचक्रांनी थेट फिरतात.

या तारेस किती श्रम पडतात ते पाहावे. अमेरिकन धर्तीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत एका मैलास तारेचे 1,000 फेरे होतात, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे 620. बाजारपेठ 30 किलोमीटर दूर असल्यास केवळ जाण्याच्या प्रवासात तार 18,000 हून अधिक वेळा फिरते. ती कोरडी असल्यास आवरणाशी घासून झिजणारच.

आवाजावरून दोषाची ओळख

वेगाबरोबर वाढणारी टिकटिक किंवा खडखड आणि त्याच वेळी थरथरणारा काटा, ही तार कोरडी पडल्याची किंवा तिला मुरड पडल्याची लक्षणे होत. थंडीच्या दिवसांत सकाळी येणारा व गाडी तापल्यावर कमी होणारा चिरका आवाज बहुधा मीटरच्या आतील कोरड्या बुशचा असतो. काटा एकाएकी उंच उडी घेऊन तेथेच अडकू लागला, तर वाटी व चुंबक एकमेकांस अडत आहेत असे समजून मीटर लवकर कारागिराकडे द्यावा.

आवाज अचानक आपोआप थांबला तर दोष गेला असे समजू नये. काटा व किलोमीटरचे आकडे दोन्ही बंद असतील, तर बहुधा तार तुटली आहे किंवा खालच्या दंतचक्रातून निसटली आहे. आकडे फिरतात पण काटा हलत नाही, असे असल्यास केबल चांगली असून दोष मीटरमध्ये आहे.

दोषाचे स्थान असे शोधावे

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, हातब्रेक लावावा व चाकांच्या पुढेमागे दगड ठेवावेत. मीटरच्या मागे हात घालण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडावी. जुन्या गाड्यांत तारांचे आवरण पुष्कळदा झडलेले असते व हाताचा वा पान्याचा धक्का लागून ठिणगी पडण्याचा संभव असतो.

नंतर मीटरच्या मागील खाचेदार नट हाताने सोडवून केबल अलग करावी. हाताने न सुटल्यास कापड गुंडाळून पकडीने अलगद फिरवावा. केबलचे मोकळे टोक स्टिअरिंग, पायाकडील पेडल व विजेच्या तारा यांपासून दूर बांधून ठेवावे. बॅटरी पुन्हा जोडून गाडी मोकळ्या रस्त्यावर सावकाश थोडे अंतर चालवावी. आवाज थांबला तर दोष मीटरमध्ये असण्याचा संभव अधिक. आवाज चालू राहिला तर तो केबलमध्ये किंवा खालच्या दंतचक्रात आहे. अशा वेळी आतील तार पूर्ण काढून पुन्हा तपासावे. तरीही आवाज आल्यास दंतचक्र पाहावे लागेल. चाके जॅकवर उचलून, गिअर टाकून घरी असा प्रयोग करू नये. गाडी जॅकवरून घसरल्यास प्राणावर बेतते.

केबलची सफाई व वंगण

तार बाहेर काढण्यापूर्वी तिचे चौकोनी टोक आवरणाच्या बाहेर किती येते, ते मोजून लिहून ठेवावे. नंतर तार वरच्या टोकाकडून हळूहळू ओढावी. काही वाहनांत ती एकाच बाजूने निघते. येत नसल्यास जोर न लावता संपूर्ण केबल खाली उतरवावी.

तार रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन स्वच्छ कापडाने पुसावी. हे काम उघड्यावर, चूल, विडी व दिवा यांपासून दूर करावे. नंतर तार सपाट फळीवर ठेवून तळहाताने लाटावी. जेथे ती उसळते तेथे मुरड आहे. बोटांतून फिरविताना कोठे पदर तुटलेला लागतो का, तेही पाहावे. मुरड पडलेली किंवा पदर तुटलेली तार सरळ करून पुन्हा वापरू नये. ती थोड्याच दिवसांत तुटते आणि तिचा तुकडा दंतचक्रात अडकल्यास नुकसान वाढते. नवी तार त्याच लांबीची घ्यावी. आखूड तार निसटते, तर लांब तार मीटरच्या आतील भागावर दाब देऊन तो बिघडविते.

तार चांगली असल्यास तीस ग्रॅफाइटयुक्त किंवा केबलसाठी मिळणाऱ्या पातळ ग्रीसचा हलका हात द्यावा. येथेच सर्वाधिक चूक होते. जास्त ग्रीस म्हणजे जास्त टिकाऊपणा, अशी समजूत आहे. परंतु पिळाची तार फिरताना मळसूत्राप्रमाणे ग्रीस वर चढविते. ते मीटरमध्ये शिरले की वाटी व चुंबक चिकटतात आणि केबलचा दोष मीटरला लागतो. म्हणून मीटरकडील वरचे सुमारे 20 सेंटिमीटर कोरडे पुसून ठेवावेत.

केबल बसविताना तिला तीव्र वळण देऊ नये. कोणत्याही वळणाची त्रिज्या 15 सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी व दोन्ही टोकांपाशी पहिले 5 सेंटिमीटर केबल सरळ राहावी. पुष्कळदा गाडीचे दुसरे काम करताना केबल ताणली किंवा दाबली जाते आणि आवाज तेव्हापासून सुरू होतो. इंजिनच्या तापलेल्या नळीस तिचा स्पर्श होऊ देऊ नये. तारेचे चौकोनी टोक बोटाने फिरवीत दोन्हीकडे नीट बसले याची खात्री करावी व मगच नट आवळावा. नटाच्या जोराने टोक आत दाबू नये.

तारेवर गिअरबॉक्सचे तेल आढळले, तर तेथील ऑइल सील गेले आहे असे समजावे. सील बदलल्यावाचून केबल साफ करणे व्यर्थ होय. दुचाकीच्या बाबतीत चिखलातून किंवा ओढ्यातून वारंवार जाणे झाल्यास पुढील चाकाच्या तुंब्यात पाणी व माती शिरते. म्हणून तेथील दंतचक्रही साफ करावे.

मीटरसंबंधी दक्षता

मीटरच्या मागील बुशमध्ये तेल देण्याची जागा असल्यास तेथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. फवाऱ्याने तेल मारू नये. मीटर घरी उघडू नये. बारीक स्प्रिंग किंचित वाकली तरी काटा कायमचा चुकीचा वेग दाखवितो. मीटर दुरुस्तीस देताना किंवा बदलताना जुना आकडा व तारीख वहीत लिहून ठेवावी, म्हणजे तेल बदलण्याचा हिशेब तुटत नाही.

ट्रॅक्टरचा तासमापक

जुन्या ट्रॅक्टरांत इंजिनचे फेरे व कामाचे तास दाखविणारा मीटरही पुष्कळदा अशाच केबलवर चालतो व त्याचे दोष आणि उपाय तेच आहेत. धूळ व इंजिनची उष्णता यांमुळे त्याचे वंगण मात्र लवकर वाळते. अशा मीटरमधील एक तास इंजिनच्या ठराविक फेऱ्यांवर बेतलेला असतो. इंजिन त्याहून सावकाश चालले तर घड्याळापेक्षा कमी तास नोंदले जातात. तेल व गाळणी बदलण्याची मुदत निर्मात्याच्या पुस्तिकेत तासांतच दिलेली असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पुष्कळशी अवजारे ट्रॅक्टरच्या मागील दांड्याच्या मिनिटास 540 फेऱ्यांसाठी बनविलेली असतात. त्यासाठी इंजिन किती फेऱ्यांवर ठेवावयाचे, हे या मीटरवरून कळते. मीटर बंद ठेवून मळणीयंत्र केवळ कानाच्या अंदाजाने चालविल्यास दाणा फुटतो, यंत्र झिजते आणि अतिवेगाने अपघाताचेही भय राहते.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

काम पूर्ण झाल्यावर मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी एकसारख्या 40 किलोमीटर वेगाने चालवावी. बरोबरच्या माणसाने घड्याळ पाहावे. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत 90 सेकंद लागावयास हवेत. थोडा फरक असल्यास चिंता नको. फार फरक पडत असेल, तर मीटर तपासून घ्यावा. काटा न थरथरता चढला आणि आवाज आला नाही, तर काम यथायोग्य झाले.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाहन व ट्रॅक्टरधारकांच्या बैठकीत एखाद्या जुन्या वाहनाची केबल उतरवून हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे. मुरड पडलेली व चांगली, अशा दोन्ही तारा प्रत्येकाच्या हाती द्याव्यात. बोटांना कळलेला फरक विसरला जात नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, केबल साफ करून वंगण देण्याचा परिपाठ ठेवल्यास मीटर मुकाट्याने काम करील आणि खरा हिशेब देईल.