हा आवाज डिलनचाच का?

बॉब डिलन गाऊ लागला की घशात वाळू अडकल्यासारखा खरखरीत, नाकातला स्वर उमटे. त्याच्या चाहत्यांना तोच प्यारा! एप्रिल १९६९ मध्ये ‘नॅशव्हिल स्कायलाइन’ ही त्याची तबकडी निघाली आणि तिच्यातून कुणी दुसराच गाऊ लागला. गोल, मऊ, घोटीव आवाज! सिगारेट सोडल्याचा हा परिणाम, असा खुलासा डिलनने केला. आता, सिगारेट सोडून घसा साफ होत असेल. पण नाकातला सूर छातीत उतरतो, हे जरा अतीच झाले.

आवाजापेक्षा मोठा धक्का होता तो संगीताचा. डिलन लोकगायक म्हणून पुढे आला न्यूयॉर्कच्या कॉफीगृहांतून. वर्णद्वेषाविरुद्ध, युद्धाविरुद्ध त्याची गाणी. १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवात त्याने विजेची गिटार हाती घेतली, तर तेवढ्यावरून श्रोत्यांनी हुर्यो उडवली होती! आणि आता हे कंट्री संगीत. म्हणजे दक्षिणेकडल्या शेतकऱ्यांचे, ट्रकवाल्यांचे, युद्धाला पाठिंबा देणाऱ्या सनातनी मंडळींचे, असा शहरी तरुणांचा समज. व्हिएतनाममध्ये माणसे मरत असताना डिलनने गोडगोड प्रेमगीते गावीत, तीही त्या मंडळींच्या थाटात? ही फितुरीच नव्हे का?

नॅशव्हिल त्याला नवे नव्हते. १९६६ पासून तो तेथे ध्वनिमुद्रण करीत होता. पण तेव्हा तिथल्या वादकांनी त्याची गाणी वाजवली. या वेळी तो त्यांचे संगीत गायला. शिवाय हे घराणे त्याला परके तरी कुठे होते? मिनेसोटातल्या हिबिंग या खाणींच्या गावात वाढलेला हा पोरगा रेडिओवर हँक विल्यम्सची कंट्री गाणी ऐकतच मोठा झाला होता.

कंट्रीच्या गोटात त्याचा एक खंदा पाठीराखाही होता, जॉनी कॅश. १९६४ मध्ये टीकाकार डिलनवर तुटून पडले, तेव्हा ‘त्याला गाऊ द्या’ असे कॅशने ‘ब्रॉडसाइड’ मासिकाला ठणकावून कळवले होते. या तबकडीची सुरुवातच दोघांच्या युगुलगीताने होते. गाणे डिलनचेच, १९६३ सालचे. तालीम फारशी झालेली दिसत नाही. शब्द एकमेकांच्या पायांत अडखळतात. तरी सबंध तबकडीत मला हेच गाणे सर्वांत जिवंत वाटते. वेष्टनावरचा मजकूरही कॅशचा, आणि त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

‘ले लेडी ले’ची हकीकत तर मोठी मजेची. यात काय वाजवू, असे ढोलवादक केनी बटरीने विचारले. डिलन म्हणाला बोंगो, निर्माता बॉब जॉन्स्टन म्हणाला गाईच्या गळ्यातली घंटा. बटरीने चिडून दोन्ही वाजवली, आणि झकास जमली! ती वाद्ये धरून उभा होता स्टुडिओतला झाडूवाला. त्याचे नाव क्रिस क्रिस्टोफरसन. पुढे तो स्वतःच नामांकित गीतकार झाला.

तबकडी उणीपुरी सत्तावीस मिनिटांची. काही गाणी पातळ आहेत, हे कबूल केलेच पाहिजे. पण ७ जून १९६९ रोजी कॅशच्या दूरदर्शन कार्यक्रमात, कंट्रीचे देऊळ मानल्या जाणाऱ्या रायमन सभागृहात, ते दोघे शेजारी बसून गायले, तेव्हा दोन्ही गोटांतली माणसे एकच गाणे ऐकत होती.

पुढल्या वर्षी ‘न्यू मॉर्निंग’मध्ये जुना खरखरीत आवाज परतला. सिगारेटचे काय झाले, कोण जाणे!