सिनेमा लागतो कसा

चित्रपट पूर्ण होणे आणि चित्रपट लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निर्मात्याच्या हातात असते, दुसरी बहुतांशी वितरकाच्या. निर्माता चित्रपट तयार करतो, थिएटरमालक म्हणजे प्रदर्शक तो दाखवतो आणि या दोघांच्या मधे वितरक असतो. कोणत्या गावात, कोणत्या पडद्यावर, कोणत्या शुक्रवारी, दिवसाला किती खेळ आणि तिकिटाच्या पैशांची वाटणी कशी, हे तो ठरवतो. प्रेक्षकाला नट माहीत असतो, थिएटर माहीत असते. वितरकाचे नाव श्रेयनामावलीत येऊन जाते आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. चित्रपटाचे नशीब मात्र पुष्कळदा त्याच्याच कचेरीत ठरते.

हा मधला माणूस सुरुवातीला नव्हता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली तेव्हा दाखवणारे त्यांचेच प्रतिनिधी होते. पुढची काही वर्षे फिरते खेळवाले रीळ विकतच घेत आणि ते झिजेपर्यंत गावोगाव दाखवत. अब्दुलअली इसुफअली यांनी असाच तंबू घेऊन आधी अतिपूर्वेकडचे देश आणि मग हिंदुस्थान पालथा घातला. पुढे अर्देशिर इराणींच्या भागीदारीत त्यांनी मुंबईत थिएटर चालवले. गाव बदलते तोवर जुने रीळ चालून जाई. थिएटर एका जागी उभे राहिले की तोच प्रेक्षक दर आठवड्याला नवे चित्र मागू लागला आणि रीळ विकत घेणे परवडेनासे झाले. त्यातून भाड्याची पद्धत आली आणि भाड्याने देणारा वितरक आला. कलकत्त्याच्या जमशेदजी मदन यांनी निर्मिती, आयात, वितरण आणि थिएटरांची साखळी हे सगळे एकाच पेढीखाली आणले होते.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला तेव्हा त्याच तिकिटात नाच आणि पायांवर वस्तू झेलण्याची कसरत असे इतर खेळही होते. नुसत्या चित्रपटासाठी लोक पैसे मोजतील याची खात्री तेव्हा कोणालाच नव्हती. बोलपट आल्यावर ती शंका उरली नाही. प्रभातच्या चित्रपटांचे वितरण बाबूराव पै यांच्या फेमस पिक्चर्सकडे होते आणि १९३६चा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला. एकाच पडद्यावर वर्षभर मुक्काम ठोकणे तेव्हा शक्य होते, कारण प्रती थोड्या असत आणि त्या सावकाश फिरत.

वितरणाचा धंदा ज्या नकाशावर चालतो तो शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाशी जुळत नाही. देशाचे वाटे पाडलेले असतात. धंद्यात त्यांना टेरिटरी किंवा सर्किट म्हणतात. दिल्ली-यूपी, पूर्व पंजाब, राजस्थान, बंगाल, म्हैसूर, निझाम, सीपी-बेरार ही त्यांतली काही नावे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आणि निझामाचे राज्य इतिहासजमा होऊन कित्येक दशके लोटली, पण चित्रपटाच्या करारनाम्यात ती अजून नांदताहेत. मुंबई सर्किटमध्ये मुंबई, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र येतो, शिवाय गुजरात, गोवा आणि बेळगाव-धारवाडकडचा भागही येतो. विदर्भ सीपी-बेरारमध्ये, तर मराठवाडा निझाममध्ये. संयुक्त महाराष्ट्र १९६० साली झाला. चित्रपटांच्या धंद्यात तो झालाच नाही. मराठी चित्रपटाला आपल्याच राज्यात पोचण्यासाठी तीन सर्किटे ओलांडावी लागतात. त्यांतल्या मुंबई सर्किटवरच बहुतेकांचा भर राहिला आणि नागपूर किंवा नांदेडचा प्रेक्षक हिंदीच्या वितरकाकडे गेला. मराठी चित्रपट विदर्भात चालत नाहीत अशी तक्रार वर्षानुवर्षे होते. ते तिथे किती पडद्यांवर पोचले, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

या सर्किटांची आपापली ठाणी असत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरची नाझ सिनेमाची इमारत वितरकांच्या कचेऱ्यांनी भरलेली होती. मध्य भारताच्या धंद्यात भुसावळ आणि अमरावती ही नावे इंदूरच्या बरोबरीने घेतली जात. भुसावळात पडद्यांची रेलचेल होती असे नाही. मुंबईहून नागपूरकडे आणि इटारसीकडे जाणारे रेल्वेमार्ग तिथे फुटतात आणि चित्रपट रेल्वेच्या पार्सलाने जात असत.

करारांचे प्रकार मोजकेच आहेत, आणि त्यांतला फरक जोखीम कोणाच्या डोक्यावर, एवढाच. मिनिमम गॅरंटीत, म्हणजे धंद्याच्या भाषेत एमजीत, वितरक एक ठरलेली रक्कम निर्मात्याला आधी देतो. ती रक्कम, प्रती आणि जाहिरातीचा खर्च आणि स्वतःचे कमिशन वसूल झाल्यावर जे वर उरते ते ओव्हरफ्लो. ते दोघांत वाटले जाते. चित्रपट पडला तर वितरक बुडतो. अ‍ॅडव्हान्सच्या करारात रक्कम दिली जाते, पण कमी पडल्यास ती परत मागता येते. नुसत्या कमिशनच्या करारात वितरक आपले पैसे घालत नाही. चित्रपट लावून देतो, हिशेब ठेवतो आणि टक्केवारी घेतो. चित्रीकरण चालू असतानाच सर्किटे विकून त्या पैशांवर चित्रपट पुरा करण्याची रीत हिंदीत दीर्घकाळ होती. वितरक अपुऱ्या चित्रपटावर पैसे लावायचा तो नटाचे नाव आणि गाणी पाहून. नटांची किंमत वाढण्यामागे या रिवाजाचा मोठा हात आहे.

थिएटरशी होणारा व्यवहार वेगळा. कुठे वितरक आठवड्याचे भाडे भरून थिएटर घेतो आणि गल्ला त्याचा, कुठे टक्केवारी, लहान गावात थिएटरवाला ठरावीक रक्कम देऊन चित्रपट आणतो आणि पुढचे नफा-नुकसान त्याचे. टक्केवारीच्या ठिकाणी वितरक आपला माणूस पाठवत असे. त्याला रिप्रेझेंटेटिव्ह म्हणत. तिकिटांच्या पुस्तकांचे पहिले आणि शेवटचे नंबर टिपायचे, खेळ सुरू झाल्यावर खुर्च्या मोजायच्या आणि रोजचा आकडा कळवायचा, हे त्याचे काम. दोन्ही पक्षांना एकमेकांच्या आकड्यांवर भरवसा नसे आणि दोघांकडेही त्याला कारणे असत.

प्रवास करायची ती रिळांची पेटी. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात आणि सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून जातात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. अडीच तासांच्या चित्रपटाची फिल्म साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून जास्त भरते. हजार फुटांचे रीळ ११ मिनिटे चालते. ही रिळे पत्र्याच्या डब्यांत आणि डबे लोखंडी पेटीत. प्रत काढायला खर्च बराच, म्हणून एकच प्रत दोन थिएटरांत चालवण्याची युक्ती निघाली: दोन्हीकडच्या खेळांच्या वेळांत अंतर ठेवायचे आणि एका थिएटरात संपलेले रीळ सायकलवरून दुसऱ्याकडे पळवायचे. सायकल पंक्चर झाली की पडदा पांढरा आणि पिटातून शिट्ट्या. मोठ्या शहरांत आठवडेच्या आठवडे चालून झाल्यावर तीच प्रत जिल्ह्याच्या गावी आणि तिथून तालुक्याला जाई. तोवर तिच्यावर इतके ओरखडे पडलेले असत की नायिकेच्या चेहऱ्यावर पाऊस पडताना दिसे, आणि तुटलेली फिल्म जोडताना काही चौकटी कायमच्या गळालेल्या असत.

पेटीचा शेवटचा मुक्काम जत्रेतल्या तंबूत. पश्चिम महाराष्ट्रात तंबू टॉकीज ही स्वतंत्र वितरणव्यवस्थाच होती. सुगी संपली की जत्रांचा हंगाम सुरू होई. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, कनाती, खांब आणि दोर भरून मालक एका जत्रेतून दुसरीकडे जात. प्रोजेक्टर बहुधा ट्रकमध्येच राही आणि प्रकाशाचा झोत तिथूनच तंबूत पडे. बाहेर भोंग्यावर पुकारा चाले. पौराणिक, तमाशापट आणि दादा कोंडक्यांचे चित्रपट इथे वर्षानुवर्षे चालले. शहरात उतरलेला चित्रपट जत्रेत पुन्हा नवा असे. शहरी पत्रांतल्या आकडेवारीत हा प्रेक्षक क्वचितच धरला गेला.

माल लोकांपर्यंत नेण्याइतकेच तो लागला आहे हे त्यांना कळवणेही महत्त्वाचे, आणि त्या कामात कोल्हापूरने वाट दाखवली. मूळचे रंगकर्मी आणि पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे स्वतः करत; १९२४च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध पोस्टरांत गणले जाते. पुढे मुंबईत हाताने रंगवलेले बॅनर हा कारखानदारीचाच भाग झाला. एम. एफ. हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात अशी होर्डिंगे रंगवली. दिवाकर करकरे यांच्या पोस्टरांनी १९७०च्या दशकातल्या हिंदी चित्रपटांना चेहरा दिला. थिएटरबाहेर आण्या-दोन आण्यांना गाण्यांची पुस्तिका मिळे. गोष्ट अर्धीच सांगून ‘पुढे पडद्यावर पाहा’ म्हणणारी. १९५२पासून रेडिओ सिलोनवरच्या ‘बिनाका गीतमाले’ने चित्रपट येण्याआधीच त्याची गाणी घरोघरी नेली. नंतर विविध भारतीवर चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम येऊ लागले. तालुक्याच्या गावात मात्र गुरुवारी रात्री खळीचा डबा घेऊन फिरणारा पोस्टरवाला आणि शुक्रवारी सकाळी भोंगा लावलेली रिक्षा हीच यंत्रणा राहिली. ती स्वस्त होती आणि तिचा उपयोगही होई.

मराठी चित्रपटाच्या जाहिरातीची रीत झी टॉकीज २००७ साली सुरू झाल्यावर पालटली. वाहिनीच निर्मितीत आणि वितरणात उतरली की जाहिरातीची वेळ घरचीच असते. वर्तमानपत्रातल्या दोन स्तंभांवर भागवणाऱ्या एकट्या निर्मात्याला ती बरोबरी जमणे शक्य नव्हते. जानेवारी २०१०मध्ये आलेला ‘नटरंग’ आणि २९ एप्रिल २०१६चा ‘सैराट’ यांच्यामागे ही ताकद होती. ‘सैराट’ची गाणी आधी वाजली आणि लग्नाच्या वरातींनी पुढचे काम केले. साताऱ्याजवळच्या रहिमतपुरात मध्यरात्री आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले. जाहिरातीच्या खर्चाने गर्दी पहिल्या रविवारपर्यंतच आणता येते. पहाटे तीनचा खेळ कुठल्याही जाहिरात खात्याच्या आवाक्यातला नाही. ‘बाईपण भारी देवा’ २०२३च्या जूनअखेर आला तेव्हा बायका नटूनथटून, गटागटाने थिएटरांत गेल्या आणि त्यांची छायाचित्रे हीच पुढची जाहिरात झाली.

पेटी २००५नंतर झपाट्याने गेली. यूएफओ आणि क्यूब यांसारख्या कंपन्यांनी चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कमधून थेट थिएटरातल्या सर्व्हरवर पोचवायला सुरुवात केली. फाइल कुलूपबंद येते. तिची किल्ली म्हणजे ठरावीक यंत्रावर, ठरावीक तारखांपुरता चालणारा सांकेतिक मजकूर. किल्लीची वेळ संपली की फाइल असूनही चित्रपट लागत नाही. प्रतीचा खर्च घटला, पण व्हर्च्युअल प्रिंट फी या नावाने एक आकार मागे राहिला आणि लहान निर्माते त्याविरुद्ध वारंवार बोलत आले आहेत. मोठा बदल वेळेत झाला. जो चित्रपट पूर्वी मुंबईहून म्हसवडला पोचायला काही महिने घेई तो आता त्याच शुक्रवारी लागतो. हिंदीचा मोठा चित्रपट एकाच दिवशी हजारो पडदे व्यापतो आणि सोमवारी त्याचा निकाल लागलेला असतो. तोंडी कीर्ती पसरायला जो अवधी लागे तो उरला नाही, आणि नावाजलेला नट नसलेल्या चित्रपटांना तीच कीर्ती तारत असे.

पैशांची वाटणीही त्यानुसार बांधली गेली. दिल्लीत १९९७ साली मल्टिप्लेक्सचे युग सुरू झाले. २००९ साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्या भांडणात एप्रिलपासून सुमारे दोन महिने नवे हिंदी चित्रपटच लागले नाहीत. तडजोडीत वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० असा ठरला. २०० रुपयांच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी वजा केला की १६९ रुपये ४९ पैसे उरतात. पहिल्या आठवड्यात त्यांतले ८४ रुपये ७५ पैसे वितरकाचे, दुसऱ्यात ७२ रुपयांच्या आसपास. त्यातून जाहिरात, प्रिंट फी आणि कमिशन गेल्यावर उरेल ते निर्मात्याचे. वर्तमानपत्रात ‘शंभर कोटी’ छापून येतात ते निर्मात्याच्या खिशात गेले असे समजू नये. शिवाय चौथ्या आठवड्यात पोचणारा चित्रपट थिएटरला सर्वांत फायद्याचा असतो, पण तिथवर त्याला पडद्यावर ठेवतो कोण?

पडद्यासाठीची ही ओढाताण मराठीला नवी नाही. मुंबईत मराठी चित्रपटाच्या वाट्याला वर्षानुवर्षे मॅटिनीच आली. दादरच्या कोहिनूरमध्ये १९७१ साली ‘सोंगाड्या’ऐवजी देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावण्याचे घाटले तेव्हा दादा कोंडके बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. शिवसैनिक थिएटरवर आल्यावर ‘सोंगाड्या’ लागला आणि गाजला. २०१३ साली ‘दुनियादारी’ जोरात असताना ‘चेन्नई एक्स्प्रेस’साठी पडदे मोकळे करण्याचा प्रश्न आला आणि त्या वेळी मनसे मधे पडली. एप्रिल २०१५मध्ये मंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये सायंकाळी मराठी चित्रपट सक्तीचा केला. वाद झाल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. दुपारी बाराचा खेळ मंगळवारी कोण पाहणार, हे थिएटरवाल्यांना पक्के ठाऊक होते आणि नियम पाळूनही परिस्थिती फारशी हलली नाही. खेळांची संख्या रविवारच्या आकड्यांवरून सोमवारी बदलते, आणि तो निर्णय संगणकासमोर बसलेला प्रोग्रॅमिंग विभाग घेतो.

थिएटरपलीकडे आज उपग्रह हक्क आणि ओटीटी हक्क स्वतंत्रपणे विकले जातात. हिंदीच्या बाबतीत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या थिएटर आणि ओटीटी यांच्यात आठ आठवड्यांचे अंतर मागतात. ते न पाळणाऱ्या चित्रपटाला पडदे देत नाहीत. परदेशांतल्या मराठी वस्तीत वितरणाची जुनी रीतच वेगळ्या रूपात चालते: महाराष्ट्र मंडळातले कोणीतरी शनिवार-रविवारचे एक-दोन खेळ ठरवतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नावे गोळा करतात. पुरेशी तिकिटे गेली की पुढच्या शहराकडे विचारणा होते.